उत्तर बरोबर, रीत चुकीची

आमच्या ओळखीत एक जाणकार गृहस्थ आहेत. घरच्या संगणकावर विमानं उडवणाऱ्या मंडळींत त्यांच्या शब्दाला मान आहे, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं रात्री जागून मिळवलेला आहे. गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याला माझ्या घरी आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. बाहेर धुक्यात समोरचं फाटकही दिसत नव्हतं. आत माझ्या अ‍ॅव्रोच्या मॉडेलवर काथ्याकूट चालला होता. तासभर ऐकून घेतल्यावर त्यांनी निकाल दिला, "क्रूझचा वेग पुस्तकाशी जुळला, म्हणजे ट्यूनिंग झालं. बाकीचं हल्लीची सॉफ्टवेअरं स्वतःच बघतात. राहता राहिला 'फील', तो एखाद्या जुन्या पायलटला विचारून घे. आणि शेवटी हा खेळ आहे रे बाबा, किती कीस पाडशील?" सगळ्यांनी माना डोलावल्या. गरम भजी आली आणि विषय मिटला.

माझ्यापुरता तो मिटलेला नाही. त्या चार वाक्यांत चार वेगवेगळे दावे आहेत आणि चारही मला चुकीचे वाटतात. ते बोलणारा माणूस अडाणी असता तर मी सोडून दिलं असतं. तो जाणता आहे, म्हणूनच उत्तर देणं भाग आहे.

आधी ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. सिम्युलेटरमधलं विमान दिसायला विमान असतं, आतून ती आकड्यांची फाईल असते. कोणत्या कोनात पंख किती उचलतो, हवा किती अडवते, इंजिन किती ताकद देतं, त्यातली किती प्रोपेलर प्रत्यक्ष रेट्यात बदलतो, वजन कुठं किती आहे, असे शेकडो आकडे. विमान खऱ्यासारखं वागेपर्यंत हे आकडे जुळवत बसणं म्हणजे ट्यूनिंग. मी ज्या विमानाच्या मागे लागलो आहे ते एचएस-७४८, आपल्याकडे सगळे ज्याला अ‍ॅव्रो म्हणतात ते. मूळ ब्रिटिश रचना, पहिलं उड्डाण जून १९६० मधलं. कानपूरला जुळवलेलं पहिलं अ‍ॅव्रो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं आणि पुढं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं अशी ८९ विमानं बांधली. हवाई दलानं ती वापरली, इंडियन एअरलाइन्सनं वापरली. रोल्स-रॉइसची दोन डार्ट इंजिनं, प्रत्येकावर चार पात्यांचा प्रोपेलर, आणि कानात घुसणारी ती डार्टची शिट्टी. हे विमान पुणे-मुंबई मार्गावरही होतं. लोहगाव ते सांताक्रूझ नकाशावर सरळ रेघ मारली तर ती जवळजवळ राजमाचीवरून जाते. मावळात बसून अ‍ॅव्रोचं मॉडेल करायला मला एवढं कारण पुरतं.

आता पहिला दावा. क्रूझचा वेग जुळला म्हणजे मॉडेल खरं.

शाळेत गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरं असायची. वर्गातली काही हुशार मुलं आधी तिथं डोकावायची आणि मग त्या उत्तराला पोचेल अशी रीत बेतायची. मध्येच कुठंतरी एक अधिक-उणे चुकायचं, दुसरीकडं दुसरं चुकायचं, दोन चुका एकमेकींना खायच्या आणि शेवटी उत्तर अगदी बरोबर. आमचे सर उत्तराकडं बघायचेच नाहीत. लाल पेनानं रीत तपासायचे.

क्रूझचा वेग हे असंच मागच्या पानावरचं उत्तर आहे. सरळ, समपातळीत उडणाऱ्या विमानाचा वेग दोन गोष्टींच्या तोलावर ठरतो: प्रोपेलर किती रेटतो आणि हवा किती अडवते. प्रोपेलर दहा टक्के जास्त कार्यक्षम धरला आणि हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, दहा टक्के वाढवून ठेवला, तर तोल त्याच वेगाला साधतो. काटा तोच आकडा दाखवतो. पण आतमध्ये दोन खोट्या गोष्टी एकमेकींचा हात धरून उभ्या असतात.

हे पाप मी स्वतः केलेलं आहे, म्हणून एवढ्या खात्रीनं बोलतो. सुरुवातीला मी दुसऱ्या एका विमानाचं तयार टर्बोप्रॉप इंजिन उचलून अ‍ॅव्रोला लावलं. क्रूझला विमान भलतंच पळायला लागलं. मग ड्रॅगचा आकडा थोडा-थोडा वाढवत गेलो. अर्ध्या तासात वेग नॉटाला नॉट जुळला. काय समाधान झालं म्हणून सांगू! पुढचे दोन महिने मी ते मॉडेल कौतुकानं लोकांना दाखवत होतो.

मग एका रात्री लोहगावहून उडालो, उजवं इंजिन मुद्दाम बंद केलं आणि नाक विसापूर किल्ल्याकडं वळवलं.

इथं जरा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी गोल धरतो. समजा विमान २० टन आहे, उन्हाळ्यातली दुपार आहे आणि एकाच इंजिनावर ते सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर वेगानं चढतंय. या वेगाला नुसतं तरंगत राहायला ९८० किलोवॉट लागतात आणि उरलेलं इंजिन प्रोपेलरमार्फत १,०८० किलोवॉट देतं. शिल्लक १००. या शंभरावर २० टन सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण १०० फूट चढतात. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर, विसापूर तिथून सरळ रेषेत सुमारे ४८ किलोमीटरवर. सव्वातेरा मिनिटांत विमान तिथं पोचतं तेव्हा त्याची उंची असते ३,३०० फुटांच्या आत. विसापूरचा माथा १,०८४ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या वर. विमान तटबंदीच्या खाली कातळावर जाऊन आदळेल.

आता माझं बेतलेलं मॉडेल. प्रोपेलर दहा टक्के फुगवलेला, म्हणून १,०८० चे झाले १,१८८. ड्रॅगही वाढवलेला आहे ना, मग तो इथंही तेवढाच आडवा यायला हवा? नाही येत. हवेचा विरोध दोन जातींचा असतो. एक अंगाला घासणाऱ्या हवेचा, जो वेगाच्या वर्गानं वाढतो. दुसरा पंखानं वजन उचलण्याची किंमत म्हणून द्यावा लागणारा, जो वेग कमी तेवढा जास्त. क्रूझला पहिल्याचं राज्य असतं, चढाईला दुसरा डोईजड होतो. मी ठिगळ लावलं होतं पहिल्या जातीला. त्यामुळं कमी वेगात ते ठिगळ अर्धंच लागू पडलं. लागणारी ताकद ९८० वरून जेमतेम १,०३० झाली. शिल्लक १५८. मिनिटाला १०० च्या जागी जवळजवळ १६० फूट. विसापूरवरून माझं विमान पाचशे फूट अंतर राखून दिमाखात निघून गेलं.

क्रूझमध्ये चूक शून्य. चढाईत चूक ५८ टक्के. मॉडेल तेच, फाईल तीच, पुस्तकातला वेग नॉटाला नॉट जुळलेला.

याचं मूळ साधं आहे. क्रूझमध्ये दोन मोठे आकडे एकमेकांसमोर उभे असतात आणि समान झाले की काम भागतं. चढाई म्हणजे त्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. एक हजार ऐंशीतून नऊशेऐंशी गेल्यावर उरणाऱ्या चिल्लरीवर विमानाचा जीव असतो. मोठ्या आकड्यातली पाच टक्के चूक त्या चिल्लरीत पन्नास टक्के होऊन उगवते.

लोणावळ्याच्या माणसाला हे सांगायला विमान लागू नये. कर्जतपर्यंत गाडी कशीही धावते. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात तेव्हा कळतं की सपाटीवरचा वेग आणि घाटातली ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. आता गंमत बघा. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचं एक इंजिन टेकऑफच्या वेळी गेलं, तर चाकं आत घेतल्यावरच्या टप्प्यात त्यानं किमान किती चढलं पाहिजे? आजचा आंतरराष्ट्रीय निकष २.४ टक्के, म्हणजे साधारण ४२ ला १. आपल्या रेल्वेला घाटात जेवढा चढ घ्यावा लागतो तेवढाही विमानाकडं मागितलेला नाही. माझ्या वरच्या उदाहरणातलं विमान तर ११८ ला १ चढतंय. नियम पाळणारी कंपनी असं वजन घेऊन निघणारच नाही, आणि इंजिन गेल्यावर कुठलाही शहाणा वैमानिक घाटाकडं जाणार नाही, माघारी लोहगावला वळेल. मला ते ठाऊक आहे. पण मॉडेलची परीक्षा घ्यायची तर ती काठावरच घ्यावी लागते. मैदानात सगळेच बैल पळतात.

बैलांवरून आठवलं, माझ्या उसन्या इंजिनात दुसरी आणखी मोठी खोट होती. आजच्या एटीआरसारख्या विमानांच्या इंजिनात प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन वेगळी असते, बाकी इंजिनाच्या दांड्याशी ती जोडलेली नसते. डार्टचं तसं नाही. तिथं कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि गिअरपेटीतून प्रोपेलर, सगळं एकाच दांड्यावर. दांडा मिनिटाला १५,००० फेरे घेतो, गिअरपेटी ते चौदाशेच्या आसपास उतरवून प्रोपेलरला देते. अशा इंजिनाची आग विझली की काय होतं? समोरची हवा प्रोपेलर फिरवू लागते, आणि प्रोपेलरला आपल्यासोबत अख्खा कॉम्प्रेसर ओढत फिरवावा लागतो. ती ताकद येते कुठून? विमानाच्या वेगातून. पाती वेळेवर हवेच्या धारेला समांतर वळली नाहीत, म्हणजे फेदर झाली नाहीत, तर विमानाच्या एका खांद्यावर प्रचंड ब्रेक लागतो. म्हणून तर पाती आपोआप फेदर करणारी यंत्रणा त्यावर असते, आणि हवेत असताना ती फार चपटी होऊ नयेत म्हणून अटकावही असतात.

माझ्या मॉडेलमध्ये बंद पडलेलं इंजिन म्हणजे नुसतं नसलेलं इंजिन होतं. जणू जोडीतला एक बैल रजेवर गेला. प्रत्यक्षात तो रजेवर जात नाही. तो भर चालीत बसकण मारतो आणि जू त्याच्या मानेवरच असतं. गाडी नुसती मंदावत नाही, त्या बाजूला फिरते. हे फिरणं पायानं आवरणं हीच दोन इंजिनांच्या विमानातली खरी विद्या. माझ्या पडद्यावर ती विद्या लागतच नव्हती, आणि क्रूझचा काटा मात्र अगदी बरोबर होता. १९४५ पासून आमच्या गावात आयएनएस शिवाजीमध्ये नौदलाची पोरं इंजिन आतून शिकताहेत. त्याच गावात बसून "वेग जुळला ना, मग इंजिन आत कसं चालतं याच्याशी काय करायचंय" असं म्हणायचं, हे मला जरा लाजिरवाणं वाटतं.

दुसरा दावा: बाकीचं सॉफ्टवेअर स्वतःच बघतं.

सॉफ्टवेअर पुष्कळ बघतं, हे कबूल. एक्स-प्लेनसारखा सिम्युलेटर पंखाचे आणि पात्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा जोर क्षणोक्षणी काढतो. पण त्या तुकड्याचा छेद कसा आहे, त्याची उचल आणि विरोध कोणत्या कोनाला किती, हे त्याला आपणच सांगतो. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये दोन मुख्य वाटा आहेत. जेएसबीसिममध्ये सगळी कोष्टकं मॉडेल करणाऱ्यानं भरायची. यासिममध्ये याहून सोपं: तुम्ही विमानाची मापं द्या, उतरतानाचा वेग द्या आणि क्रूझचा वेग द्या. ते त्या वेगांना पोचेल असा ड्रॅग आणि अशी उचल स्वतःच शोधून काढतं.

आमच्या स्नेह्यांचं मॉडेल नेमकं या दुसऱ्या पद्धतीचं आहे, आणि त्यांची सगळी भिस्त आहे ती "क्रूझ जुळला" यावर. अहो, जुळणारच! तो आकडा तुम्हीच आत घातला होता. देवळातल्या दानपेटीत आपणच टाकलेली नोट दुसऱ्या दिवशी मोजून "देव पावला" म्हणण्यातला हा प्रकार आहे. जो आकडा मॉडेल बनवायला वापरला तो ते तपासायला वापरता येत नाही. परीक्षा नेहमी न सांगितलेल्या प्रश्नावर घ्यायची असते. मी यासिमला नावं ठेवत नाही. माहिती कमी असताना पहिला खर्डा करायला ते फार उपयोगी आहे. खर्ड्याला अंतिम प्रत म्हणू नये, एवढंच.

यावर एक उत्तर येतं: "साठ वर्षांपूर्वीच्या विमानाची माहिती आहे कुठं? क्रूझ आणि स्टॉल याशिवाय हाती काय लागतं?" हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण माहिती कमी असणं वेगळं आणि असलेली न वापरणं वेगळं. पंखाचं क्षेत्रफळ, कमाल वजन आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख उचल धरत नाही तो) हे तीन आकडे मिळाले की पंख जास्तीत जास्त किती उचलतो हे आपोआप ठरतं, तिथं मनमानीला जागाच उरत नाही. प्रोपेलरचा व्यास १२ फूट आणि फेरे ठाऊक असले की कुठल्या वेगाला त्याची कार्यक्षमता किती असू शकते याला वरून एक मर्यादा पडते, आणि ती मर्यादा निसर्गानं घातलेली आहे, कारखान्यानं नव्हे. माझ्या उसन्या प्रोपेलरनं ती चढाईच्या वेगाला ओलांडली होती. एक बेरीज-गुणाकार केला असता तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. मी केला नाही, कारण काटा बरोबर होता.

हवेचंही तसंच. लोहगावला एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असतो. त्या उंचीला प्रमाण हवेचं तापमान असायला हवं ११ अंश. या २७ अंशांच्या फरकानं हवा इतकी विरळ होते की विमान धावपट्टीवर उभं असलं तरी त्याच्या लेखी ते पाच हजार फुटांच्या वर असतं, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याशी. धावपट्टी जास्त लागते, इंजिन दमतं. डार्टला अशा वेळी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण पाजून टेकऑफची ताकद भरून काढायची सोय होती. मॉडेलमध्ये ही सोय घातली नाही तर उन्हाळ्यातलं लोहगाव खोटं होतं. आणि घातली पण हवा विरळ झाल्यानं इंजिन दमतं हेच घातलं नाही, तर दुहेरी खोटं होतं. हे शोधायला गुप्त कागद लागत नाहीत. थोडी चिकाटी लागते.

तिसरा दावा: 'फील' जुन्या पायलटला विचारून घ्या.

ज्यांनी अ‍ॅव्रो खरंच चालवलं त्यांच्यासमोर मी हात जोडूनच बसतो. त्यांच्या आठवणीवर माझा अविश्वास नाही. माझा अविश्वास आहे तो त्या आठवणीचं भाषांतर करणाऱ्या आपल्यावर. कुणी निवृत्त वैमानिक सांगतात, "बाळा, हे फार हलकं वाटतंय. अ‍ॅव्रो हाताला जड होतं." झालं! मॉडेलवाला घरी येतो, विमान वळायला कुचराई करील अशा बेतानं वजनाची वाटणी बदलतो किंवा पंखाच्या कडेच्या पाळ्यांचा जोर कमी करतो. पुन्हा विचारतो. "हां, आता जमलं!" उत्तर बरोबर.

पण ते जडपण होतं कुठं? अ‍ॅव्रोच्या पिढीत वैमानिकाचा हात यांत्रिक दुव्यांनी थेट त्या पाळ्यांपर्यंत पोचायचा. हवा पाळीला ढकलायची आणि ते हाताला लागायचं. वेग दुप्पट झाला की हा जोर जवळजवळ चौपट. टेबलावरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र शंभर नॉटलाही तेवढीच आणि दोनशेलाही तेवढीच. म्हणजे जड होतं ते हाताला, विमान स्वभावानं सुस्त नव्हतं. खोट जॉयस्टिकमध्ये आणि शिक्षा विमानाला! असं सुस्त केलेलं विमान उतरताना वाऱ्याच्या झोतात वेळेवर सावरत नाही, आणि मग तेच वैमानिक म्हणतात, "असं नव्हतं हो." नव्हतंच. आपणच केलं.

वैमानिकाला विचारावं जरूर, पण "कसं वाटतं" यापेक्षा "काय करत होता" हे विचारावं. इंजिन घालवून सराव करताना पाय कुठवर जायचा? उतरण्याआधी ताकद कुठं ठेवत होता? टेकल्यावर पाती चपटी करून वेग किती झटकन मरायचा? माणसाला भावना धूसर आठवतात, हातापायांच्या सवयी लख्ख आठवतात. कंपन्यांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरना मान्यता देतानाही वैमानिकाचं मत घेतात, पण त्यावर भागवत नाहीत. खऱ्या उड्डाणाच्या नोंदीशी एकेक चाचणी ताडून पाहतात, आणि एक इंजिन बंद असतानाची चढाई ही त्यात वेगळी चाचणी असते. ती क्रूझच्या चाचणीत आपोआप येते असं तिथं कुणी मानत नाही.

राहिला चौथा दावा, सगळ्यात लाडका: हा खेळ आहे.

आहेच. म्हणून काय? दिवाळीत अंगणात मुलं मातीचे किल्ले करतात, तोही खेळच. पण मावळातल्या पोरानं लोहगड केला आणि विंचूकाटा विसापूरच्या बाजूला काढला, तर शेजारचं पोर लगेच म्हणतं, "ए, चुकलं!" कुणी त्याला कीस पाडू नको म्हणत नाही. हळीव पेरलेल्या त्या ढिगाऱ्याला किल्ल्याचं नाव दिलं की किल्ल्याशी प्रामाणिक राहायचं, हे सात वर्षांच्या मुलाला कळतं. मॉडेलला तुम्ही 'काल्पनिक विमान' म्हणालात तर माझी तक्रार शून्य. वर 'एचएस-७४८' लिहिलंत, शेपटीवर इंडियन एअरलाइन्सचे रंग दिलेत, की जबाबदारी आली.

आणि ती जबाबदारी कुणाकडं, हेही सांगतो. ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं अ‍ॅव्रो पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले पंचेचाळीसही जण गेले. त्या अपघाताची कारणमीमांसा हा माझा विषय नाही, आणि कुणाच्या संगणकावरच्या मॉडेलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्या मृत्यूंनी माझ्या युक्तिवादाला धार लावायची माझी इच्छा नाही. पण आमच्या छंदात एक सवय फार पसरली आहे. जुने अपघात पडद्यावर पुन्हा उडवून पाहायचे. तोच मार्ग, तेच विमान, तसाच पाऊस. आणि मग खुर्चीत मागं रेलून म्हणायचं, "मी तर आरामात निघालो. त्यांनाच कसं जमलं नाही?"

तुम्ही आरामात निघालात, कारण तुमच्या फाईलमध्ये मिनिटाला साठ फूट फुकटचे होते. तुमच्या बंद इंजिनानं विमान एका बाजूला ओढलं नाही. डोंगराच्या पडछायेत हवा कशी खाली कोसळते हे कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग करणारं पोरही सांगेल, पण तुमच्या सह्याद्रीवरून वारा आडवा, शहाण्यासारखा गेला. खोट्या रीतीनं मिळवलेलं हे बरोबर उत्तर आता एका माणसाविरुद्ध पुरावा झालं, आणि तो माणूस उलटतपासणीला येऊ शकत नाही. खेळ खेळापुरता राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो निवाडा करायला लागतो, तिथं रीत तपासावीच लागते.

आमच्या स्नेह्यांचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो: कीस असतो. खिडकीच्या रिव्हेटांची संख्या, आसनांच्या कापडाचा पोत, हवाईसुंदरीच्या हातातला चहाचा ट्रे, यांवर महिने घालवणारे लोक मी पाहिलेत. आमचे स्नेही त्यांना 'थांबवा हे' म्हणाले तर मी टाळ्या वाजवीन. पण एक इंजिन बंद ठेवून चढणं, दोन्ही बंद ठेवून तरंगत उतरणं, उन्हाळ्यात लोहगावहून आणि थंडीत समुद्रकाठाहून उडणं, या तीन परीक्षा कीस नव्हेत. या तिन्हींतला एकही आकडा मॉडेल बनवताना आत घालायचा नाही. मग मॉडेल काय बोलतं ते ऐकायचं. तिथं जे उत्तर येईल ते त्याचं स्वतःचं.

माझं मॉडेल मी मोडून पुन्हा बांधलं. एका दांड्याचं इंजिन नव्यानं लिहिलं, प्रोपेलरची कोष्टकं निसर्गाच्या मर्यादेत आणली, ड्रॅगवरचं ठिगळ उसवून टाकलं. आता त्याच दुपारी, त्याच वजनाला, एका इंजिनावर ते विसापूरला पोचत नाही. मलाच मुकाट्यानं लोहगावकडं वळावं लागतं. आणि क्रूझमध्ये ते पुस्तकापेक्षा चार नॉट कमी पळतं.

ते चार नॉट कुठं गेले हे अजून सापडलेलं नाही. कदाचित इंजिनाच्या मागून निघणाऱ्या वायूचा रेटा मी कमी धरला असेल, कदाचित पंखाच्या मुळाशी काही चुकलं असेल. एक आकडा हलवला की मिनिटभरात जुळेल, हे मला ठाऊक आहे. ते चार नॉट मी तसेच ठेवले आहेत आणि फाईलच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकलं आहे: क्रूझ चार नॉटनं कमी, कारण शोधतो आहे. पुढच्या पावसाळ्यात आमचे स्नेही आले की भजी खात खात त्या ओळीवर बोट ठेवतीलच. ठेवू देत. आमच्या सरांनी अशा उत्तराला पाचातले चार दिले असते. माझ्या जुन्या, नॉटाला नॉट जुळलेल्या मॉडेलला त्यांनी किती दिले असते, ते मला विचारू नका.